दीड इंचाचा प्रश्न

माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळी बुटका. दिवसभर बसून, उभं राहून आणि वरिष्ठांचं ऐकून पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबत जातात आणि दिवेलागणीपर्यंत माणूस जवळजवळ अर्धा इंच खचतो. रात्री आडवा झाला की पुन्हा भरून येतो. हा नियम राजाला आणि रंकाला सारखाच लागू आहे. मात्र मिनेसोटातल्या अल्डर फॉल्स गावचे श्री. लाइल ब्रँडवोल्ड यांनी त्याचा जितका पद्धतशीर उपयोग केला, तितका कोणी केल्याची नोंद सापडत नाही.

लाइल (यापुढे नुसता लाइल, त्याला तेच आवडतं) हा काउंटीचा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा, वजनमापे निरीक्षक होता. पंपावरचं एक गॅलन पेट्रोल एक गॅलनच भरतं का, खाटकाचा काटा मांसाबरोबर स्वतःचा अंगठाही तोलतो का, हे पाहणं त्याचं काम. एकवीस वर्षांच्या सेवेत त्याने कोणाचा अर्धा औंस माफ केला नव्हता. स्वतःच्या चर्चमध्ये रविवारच्या पॅनकेकसाठी पीठ तोलायचा काटासुद्धा त्याने सील केला होता. त्यावर चर्चमध्ये कोणी रागावलं नाही. (त्या भागात लोक रागावत नाहीत. ते "वेगळंच आहे हं तुमचं" एवढंच म्हणतात आणि मरेपर्यंत लक्षात ठेवतात.)

अशा माणसावर गेल्या उन्हाळ्यात एक प्रसंग ओढवला. ओहायोतल्या एका करमणूक उद्यानात 'आयर्न मूस' नावाचा रोलर कोस्टर आहे. त्याच्या दाराशी लाकडाचा एक मूस उभा केलेला आहे. मूस म्हणजे सांबराचा मोठा भाऊ, शिंगं परातीएवढी. या लाकडी मूसने पुढचा पाय जमिनीपासून बरोबर अठ्ठेचाळीस इंचांवर धरलेला आहे. ज्याचं डोकं त्या खुराला लागेल तो आत जातो, ज्याचं लागणार नाही तो आइस्क्रीम खायला जातो. लाइलची मुलगी ब्रिटा तेव्हा सहा वर्षांची होती. ती वर्षभर आयर्न मूसची स्वप्नं पाहत आली होती. ती खुराखाली उभी राहिली आणि डोकं लागलं नाही.

ती रडली नाही. तिने फक्त बापाकडे पाहून विचारलं, "बाबा, पट्टी चुकली असेल का?"

दुसरा कुठलाही बाप अशा वेळी म्हणाला असता, हो गं बाळा, चुकलीच आहे मेली, चल आइस्क्रीम खाऊ. पण लाइलने किल्ल्यांच्या जुडग्यातली टेप काढली, गुडघ्यावर बसला आणि रांगेतल्या दोनशे लोकांदेखत लाकडी मूसची तपासणी केली.

"पट्टी बरोबर आहे," त्याने जाहीर केलं. मग मुलीचा चेहरा पाहून घाईघाईने जोडलं, "पुढच्या वर्षी, बाळा. फक्त दीड इंचाचा प्रश्न आहे. आपण दोघं, पहिल्या डब्यात. शब्द दिला."

मापाच्या बाबतीत तो बरोबर होता. तरी घरी परतल्यावर कितीतरी दिवस त्याला ते गुडघ्यावर बसणं आठवत राही आणि जेवण गोड लागत नसे. म्हणून या वर्षीच्या सहलीची तयारी त्याने जानेवारीतच सुरू केली.

तयारीचा गाभा म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. तीवर ब्रिटाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, तारीख आणि वेळेसह. जूनमध्ये सकाळी सात वाजता घेतलेल्या मापानुसार तिची उंची सत्तेचाळीस पूर्णांक पंधरा सोळांश इंच भरली. म्हणजे एक सोळांश इंच कमी. लाइलने कागद-पेन्सिल घेतली. वर्षभरात मुलगी तेवीस सोळांश इंच वाढलेली. त्या वेगाने उरलेला एक सोळांश भरून निघायला लागणारा काळ: पंधरा दिवस एकवीस तास. करिता सहल सोळा दिवसांची असावी असं ठरलं.

अल्डर फॉल्सपासून ओहायोतलं ते उद्यान दोन दिवसांवर आहे. उरलेल्या चौदा दिवसांत मुलगी कुठेतरी वाढवत ठेवणं भाग होतं. त्यासाठी आयोवा, मिसुरी, टेनेसी आणि केंटकी अशा चार राज्यांतली चार करमणूक उद्यानं वाटेत घालण्यात आली आणि एकतीस फूट लांबीचं एक मोटारघर आणण्यात आलं. त्यात चूल होती, बिछाने होते, न्हाणी होती आणि लाइलची सासू डॅग्नी होती.

डॅग्नी त्र्याहत्तर वर्षांची. तिने सगळा हिशेब ऐकून घेतला आणि शब्दकोड्यावरून नजर न काढता विचारलं, "घरी बसली असती तर वाढली नसती का रे ती?"

"वाढली असती," लाइल म्हणाला. "पण ओहायोत नसती वाढली."

"वेगळंच आहे हं तुझं," डॅग्नी म्हणाली.

बायको मार्सी यात पडली नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या मानेची शस्त्रक्रिया झाली होती आणि असल्या पाळण्यांत बसायला तिला कायमची बंदी होती. तिने एकदाच भीत भीत सुचवून पाहिलं, "बुटात एक पुठ्ठा घातला तर?" त्यावर लाइलने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती लग्नाच्या चौदा वर्षांत तिने पाहिली नव्हती.

"मार्सी, मी लोकांचे पंप बंद केलेत," तो म्हणाला. पुठ्ठ्याचा विषय तिथेच संपला.

आता सदर प्रवासाचं वर्णन. हजारो कुटुंबं दर उन्हाळ्यात हाच प्रवास करतात आणि त्याला विश्रांती म्हणतात, तेव्हा तपशिलात शिरण्याचं कारण नाही. पहिल्या चार उद्यानांतली एकूण रांग एकेचाळीस तास, प्रत्यक्ष पाळण्यात बसणं एक तास सात मिनिटं, सनस्क्रीन चोपडणं नऊ तास, "मी आत्ताच जाऊन आलेय" असं म्हणणाऱ्या व्यक्तीस पुन्हा बाथरूमला नेणं अकरा वेळा. सर्वांनी एकसारखे हिरवे टी-शर्ट घातले होते. त्यांवर छातीवर '४८' छापलेलं होतं आणि पाठीवर 'ब्रँडवोल्ड'. आयोवात एका माणसाने ही शर्यत कुठे आहे म्हणून चौकशी केली.

संध्याकाळी मोटारघरांच्या तळावर आपल्या वाट्याच्या विजेच्या खांबापर्यंत गाडी मागे घ्यायची असे. हा तिकडचा सार्वजनिक करमणुकीचा कार्यक्रम असून त्याला तिकीट नाही. नवी गाडी आलेली दिसली की शेजारपाजारचे पुरुष घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर येतात आणि बियरचा डबा फोडून स्थानापन्न होतात. नवरा चाकावर बसतो, बायको मागे उभी राहून हात हलवते. तिच्या हातांचा अर्थ तिला एक वाटतो, त्याला दुसरा. वीस वर्षांत एकमेकांवर आवाज न चढवलेली जोडपी इथे विजेच्या खांबावरून तुटण्याच्या बेतात येतात. मार्सी मान वळवू शकत नसल्यामुळे सबंध वळूनच मागे पाहायची. ती खांबाकडे वळली की गाडीला तिची पाठ दिसे, आणि लाइल त्या पाठीवर '४८' शोधत बसे.

"थोडं डावीकडे घ्या," खुर्चीतला एखादा म्हणायचा. मग लाइलचा चेहरा पाहून, "तुम्हाला कळेलच म्हणा," असं म्हणून डब्याचा घोट घ्यायचा.

मुख्य कार्य मात्र आहाराचं होतं. मुलीच्या हाडांना कॅल्शियम हवं, म्हणून सकाळी दूध आणि तीन अंडी. दुपारी चीजचे तळलेले गोळे. (चीज म्हणजे हाड आणि तळणं म्हणजे उत्साह, असं लाइलचं मत होतं.) संध्याकाळी काडीला टोचून पिठात तळलेलं सॉसेज, बटाटे, पुन्हा दूध. याशिवाय पॉपकॉर्नची बादली. ही बादली एकदा घेतली की त्या उद्यानात दिवसभर फुकट भरून मिळते. जी वस्तू फुकट भरून मिळते ती रिकामी घेऊन हिंडणं लाइलला अप्रामाणिकपणाचं वाटे.

ब्रिटा चिमणीसारखी खायची. अर्धं अंडं, दोन घास सॉसेज, आणि "बाबा, पोट भरलं." उरलेलं टाकायचं कसं? लाइल ज्या घरात वाढला तिथे ताटात उरवणं हे खोट्या वजनाच्या खालोखाल पाप मानत. तो मुलीचं ताट पुढे ओढायचा. अडीच अंडी, चीजचे सात गोळे, पाऊण सॉसेज, पेल्याच्या तळाचं दूध. मुलीच्या उंचीसाठी चार राज्यांतून गोळा केलेला खुराक असा नियमितपणे बापाच्या पोटी जात राहिला. त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही, कारण घरोघरी हेच चालतं.

दुसरी एक बारीकशी घटना गाडीच्या नोंदवहीत सापडते. आयोवा सोडताना लाइलने चालकाची सीट एक खाच मागे घेतली. मिसुरीत आणखी एक. टेनेसीत स्टीअरिंग शर्टाला घासू लागलं तेव्हा तिसरी. वहीत त्याच्या सुवाच्य अक्षरात शेरा आहे: "सीटची खाच झिजली आहे. यंत्रात दोष. परतल्यावर तपासणे."

"सीट पुढे सरकतेय, की तू?" डॅग्नीने मागून विचारलं.

"उतार आहे, डॅग्नी," लाइल म्हणाला. ते तेव्हा पंपावर उभे होते.

सोळाव्या दिवशी सकाळी ओहायोतल्या तळावर ब्रिटाचं माप घेण्यात आलं. तिला बिछान्यातून उचलून थेट मोटारघराच्या दारात उभी केली. लाइलने तिच्या डोक्यावर काटकोन्या ठेवला. अठ्ठेचाळीस इंच. एक केसही जास्त नाही. (केस अगोदरच ओले करून चापून बसवले होते, कोणी बोट ठेवायला नको.)

पण गाडी अडली होती ती मणक्यांपाशी. उद्यान उघडायचं दहा वाजता, आणि तळापासून लाकडी मूसपर्यंतचं अंतर पाऊण मैल. एवढं चालून, वर दारावर ताटकळून मुलगी खचणार. सोळा दिवसांत कमावलेलं तासाभरात जाणार. लाइलने यावर विचार करून ठेवलेला होता. मोजून झाल्याबरोबर ब्रिटाला पुन्हा आडवं करण्यात आलं. न्याहारी आडवीच. दात आडवेच घासले. मग कापडी घडीचा चारचाकी गाडा काढला. एरवी त्यात लोक शीतपेट्या आणि दमलेली मुलं ओढतात. त्यात रजई घातली, मुलीला उताणं निजवलं आणि वरात निघाली. पुढे गाडा ओढणारा लाइल, मागे सावकाश मार्सी, बाजूला पॉपकॉर्नची बादली कडेवर घेतलेली डॅग्नी.

"मी उठून बसू?" गाड्यातून आवाज आला.

"अजिबात नाही."

"नाक खाजतंय."

"आजी खाजवेल."

गर्दी आपोआप दुभंगली. पुरुषांनी टोप्या काढल्या. एका पहारेकऱ्याने पुढे येऊन हळू आवाजात आजारी मुलांच्या खास रांगेतून नेतो म्हणून सांगितलं. लाइलने ते नाकारलं. "मुलगी ठणठणीत आहे," तो म्हणाला. पहारेकऱ्याचे डोळे भरून आले आणि त्याने लाइलचा खांदा दाबला. पिवळ्या टी-शर्टातली चर्चची एक मंडळी वाटेत थांबली, अकरा जणांनी गाड्याभोवती कडं केलं आणि प्रार्थना म्हटली. प्रार्थनेला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती, त्यामुळे ब्रँडवोल्ड कुटुंबही मान खाली घालून उभं राहिलं. ब्रिटाने गाड्यातूनच "आमेन" म्हटलं. ही मंडळी मग मागून चालू लागली.

मूसपाशी लाइलने तिला दोन्ही बगलांतून उचललं आणि खुराखाली उभी केली. डोकं लागलं. दारावरच्या माणसाने वाकून पाहिलं, डोकं आणि खूर यांमधून तळहात सरकतो का ते पाहिलं आणि मान हलवली. ब्रिटाने "लागलं!" म्हणून अशी उडी मारली की मूस हलला, आणि मागे अकरा कंठांतून "हालेलुया" उमटलं. पिवळ्या शर्टातली एक बाई रडू लागली. लाइल तिला खरा प्रकार समजावणार होता, पण तोही रडत होता. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं उतरलं होतं आणि आपण जगातला सर्वांत सरळ बाप आहोत असं त्याला वाटत होतं.

नियम असा होता की अठ्ठेचाळीस ते चोपन्न इंचांच्या मुलाशेजारी घरचं मोठं माणूस हवं. त्याची चिंता नव्हती. ते माणूस वर्षापूर्वीच नेमलेलं होतं. रांगेच्या तोंडाशी बसून पाहण्यासाठी नमुन्याची एक सीटही ठेवली होती, 'शंका असल्यास' अशी पाटी लावून. लाइलला शंका नव्हती. मार्सी खाली बाकावर थांबली. डॅग्नी, वर सावली आहे म्हणून, बादलीसकट रांगेत आली. पाळणा ओलांडून पलीकडच्या जिन्याने तिला उतरता येणार होतं. ज्यांना आयत्या वेळी भीती वाटते त्यांच्यासाठी तो जिना असतो.

पहिला डबा मिळाला. ब्रिटाचा पट्टा लागला, कट्ट. लाइलने आपला पट्टा ओढला. पट्ट्याची जीभ खोबणीपर्यंत आली नाही.

फलाटावरची कॅलिस्टा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी मदतीला धावली. "सर, श्वास सोडा."

"सोडला."

"अजून थोडा."

"आता उरला नाही."

दुसरा एक कर्मचारी आला. दोघांनी मिळून लाइलला मागे रेटलं. मागच्या डब्यांतले लोक माना उंचावून पाहू लागले. कोणी रागावलं नाही. कोणीतरी "घ्या, सावकाश घ्या" म्हणालं, त्याने जास्तच लागलं.

ब्रिटा बापाच्या तोंडाकडे पाहत होती. तिने हळूच विचारलं, "बाबा, पट्टा चुकला असेल का?"

होय म्हणायला त्याला सगळं जग मोकळं होतं. यंत्रात दोष, झिजलेली खाच, परतल्यावर तपासणे. लाइलने खिशातून किल्ल्यांचं जुडगं काढलं, टेप ओढली आणि जीभ व खोबणी यांतलं अंतर मोजलं. दोनदा मोजलं.

"पट्टा बरोबर आहे," तो म्हणाला. "दीड इंच कमी पडतंय."

"सर, मुलीला एकटं नाही सोडता येणार," कॅलिस्टा म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटत होतं. ब्रिटाचा खालचा ओठ पुढे आला. गेल्या वर्षी ती रडली नव्हती. या वर्षी रडणार हे स्पष्ट दिसत होतं.

"ऊठ," डॅग्नी म्हणाली.

"डॅग्नी, तुम्ही त्र्याहत्तर वर्षांच्या आहात."

"बोर्डावर मान, पाठ, हृदय आणि गरोदरपण लिहिलंय. पहिली तीन माझी ठीक आहेत, चौथ्याची शक्यता नाही. ऊठ, लोक खोळंबलेत." तिने बादली त्याच्या हातात दिली, चष्मा काढून बादलीत टाकला आणि बसली. पट्टा लागून वर हातभर उरला.

लाइल डब्याबाहेर उभा होता. ब्रिटाने हात लांबवून त्याच्या पोटावर, छापील '४८' च्या जरा खाली, हलकेच थापटलं. ती मुळीच चिडवत नव्हती. त्याचाच धीराचा सूर तिने जसाच्या तसा उचलला होता.

"पुढच्या वर्षी, बाबा," ती म्हणाली. "फक्त दीड इंचाचा प्रश्न आहे."

गाडी सुटली. लाइल आयत्या वेळी भ्यालेल्यांच्या जिन्याने खाली उतरला. ते वाक्य ऐकणाऱ्याला किती लागतं हे त्याला कळायला एक वर्ष आणि चार राज्यं लागली होती. खाली उतरेपर्यंत बादली रिकामी झाली होती, आणि ती कोणी रिकामी केली हे त्याला शेवटच्या पायरीवर, चष्म्याची काडी दाताखाली आल्यावर समजलं.

परतीच्या दोन दिवसांत लाइलने ताट पुढे ओढलं की ब्रिटा काट्याने त्याच्या हातावर टिचकी मारायची. "बाबा, ते माझंय." घरी आल्यावर तिने टेप मागून घेतली, बापाच्या कमरेभोवती गुंडाळली आणि आलेला आकडा चौकटीवर लिहिला, स्वतःच्या खुणांशेजारी, तारीख आणि वेळेसह. तिथे मोठ्या माणसाची ती पहिलीच नोंद. लाइलने पेन्सिल हातात घेऊन तिचा आकडा पडताळला आणि खाली सही केली.

वाचकांसाठी या कथेत घेण्यासारखं काही नाही. आपल्याकडे मूस नाही, मोटारघर नाही. आपल्या पाल्याची उंची, वजन, टक्केवारी, वर्गातला क्रमांक आणि शेजारच्या मुलाचा क्रमांक आपल्याला तोंडपाठ आहे. आणि काल रात्री त्याच्या ताटात उरलेला भात वाया गेला नाही, याचीही खात्री आहे. तेव्हा फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. आपल्या पट्ट्याचं सध्या कितवं भोक चालू आहे? खाली न पाहता सांगायचं.

(पाहिलंत. हरकत नाही. आता तो श्वास सोडा.)